प्रकल्प नोंदी : सांगलीच्या हॉलसाठी रिसीव्हर, ८० वॅटचा घ्यावा की ९५ चा?

१६ नोव्हेंबर २०२४

काम ठरलं. विश्रामबागेत मामांच्या हॉलमध्ये ५.१ बसवायचं, म्हणजे पाच स्पीकर आणि खालच्या जड आवाजासाठी एक सबवूफर. पुढचे दोन स्पीकर आलेले आहेत, केईएफ क्यू३५० ची वापरलेली जोडी, अवस्था उत्तम. मधला, मागचे दोन आणि सबवूफर घ्यायचे आहेत. टीव्ही आहेच. गाडी अडलीय ती रिसीव्हरवर, म्हणजे या सगळ्या स्पीकरना चालवणाऱ्या अँप्लिफायरवर, आणि रिसीव्हर अडलाय वॅटवर.

मामांनी दुकानातून दोन नावं चिठ्ठीवर लिहून आणलीत. डेनॉन एव्हीआर-एक्स१८००एच, ८० वॅट. डेनॉन एव्हीआर-एक्स२८००एच, ९५ वॅट. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, ९५ वालाच घ्या. ८० मध्ये दम नाही, नंतर हळहळाल." दोघांच्या किमतीत बऱ्यापैकी अंतर आहे.

मामांची सगळी नोकरी वीजमंडळात गेली. ते याकडे लोडचा हिशेब म्हणून बघतात. म्हणाले, "अगं, विहिरीला पाचची मोटर लागत असेल तर तीनची बसवून भागत नाही. कमी पडण्यापेक्षा थोडी जास्त असलेली बरी."

मला त्यांचं म्हणणं पटतं. फक्त विहिरीला पाचची लागते हे कुणीतरी आधी मोजलेलं असतं. या हॉलला किती लागते ते अजून कुणी मोजलेलं नाही. तेव्हा आधी मोजमाप आणि मग खरेदी, असं मामांशी बोलून ठरवलं. मामी म्हणाल्या, संक्रांतीच्या आत काय ते उरका.

१७ नोव्हेंबर

आज फक्त कागद वाचले.

वॅटच्या आकड्यापुढे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आकड्याइतकंच महत्त्वाचं. ८० आणि ९५ हे दोन्ही आकडे एकाच पद्धतीने काढलेले आहेत : ८ ओमचा भार (स्पीकरचा विद्युत रोध), २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ, डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) ०.०८ टक्के, दोन चॅनेल (एकेका स्पीकरच्या वाटा) एकाच वेळी चालू. म्हणून त्यांची तुलना करता येते. त्याच यंत्राच्या खोक्यावर किंवा ऑनलाइन दुकानात कितीतरी मोठा आकडाही दिसतो. तो ६ ओम, एकच सूर १ किलोहर्ट्‌झचा, डिस्टॉर्शन जास्त आणि एकच चॅनेल चालू, अशा अटींवरचा असतो. एका कंपनीचा पहिल्या पद्धतीचा आकडा आणि दुसरीचा दुसऱ्या पद्धतीचा आकडा शेजारी ठेवला तर ती तुलनाच होत नाही.

मामांच्या माळ्यावर नव्वदच्या दशकातला टू-इन-वन अजून आहे, त्यावर पीएमपीओचा (क्षणभराच्या कमाल पॉवरचा) भलाथोरला आकडा छापलेला आहे. पीएमपीओ मोजायची ठरलेली पद्धतच नव्हती, त्यामुळे ज्याला जो आकडा हवा तो छापता यायचा. अमेरिकेत याच धर्तीच्या फुगवलेल्या आकड्यांना आळा घालायला १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला. घरगुती अँप्लिफायरची पॉवर जाहिरातीत सांगायची तर सलग चालवून, किती ओमवर, कोणत्या फ्रीक्वेन्सीपासून कुठपर्यंत आणि किती डिस्टॉर्शनला, हे सांगणं भाग पडलं. आज माहितीपत्रकात ही लांबलचक ओळ दिसते तिचं मूळ तिथे आहे.

आता दोन आकड्यांमधला फरक. कान वॅट मोजत नाही, आवाजाची पातळी डेसिबलमध्ये (डीबी) चढते. पॉवर दुप्पट केली की ३ डीबी वाढतात, दहापट केली की १० डीबी. आणि "आवाज दुप्पट झाला" असं माणसाला साधारण १० डीबीला वाटतं.

९५ भागिले ८० म्हणजे १.१९. त्याचा लॉगॅरिथम घेऊन दहाने गुणलं की ०.७५. दोन रिसीव्हरमधलं अंतर पाऊण डीबी आहे.

मामांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे ९५ वाला तेवढाच मोठ्याने वाजणार?" तसंही नाही, आणि हा मुद्दा महत्त्वाचा म्हणून लिहून ठेवते. मायक्रोफोन लावून दोन्ही रिसीव्हरची पातळी एकदा सारखी लावली की व्हॉल्यूमच्या एकाच आकड्याला दोन्हींचा आवाज सारखाच येणार. जास्त वॅटचं यंत्र त्याच आकड्याला अधिक जोरात वाजत नाही. फरक असतो तो वरच्या टोकाला : कुठपर्यंत नेलं तर आवाजाच्या लाटेचे माथे कापले जायला लागतात, एवढाच. ९५ वाल्याचं छत ८० वाल्यापेक्षा पाऊण डीबी उंच आहे. आपण त्या छताच्या आसपास तरी जातो का, ते बघायचंय.

२३ नोव्हेंबर

सांगलीत पोचले. पुण्याहून माझा जुना रिसीव्हर, यूएमआयके-१ हा मोजमापाचा मायक्रोफोन, लॅपटॉप आणि ऑफिसमधल्या एकाचा ट्रू आरएमएस मल्टिमीटर घेऊन आले. साधा मल्टिमीटर ५० हर्ट्‌झच्या साइन लाटेला ठीक असतो, पण गोंगाटासारख्या सिग्नलला चुकीचं दाखवतो.

हॉल १२ फूट रुंद, २० फूट लांब. टीव्ही १२ फुटी भिंतीवर. स्पीकरपासून सोफा ३ मीटर. खाली टाइल्स, वर स्लॅब, एका बाजूला मोठी खिडकी आणि पातळ पडदा. टाळी वाजवली की हॉल घुमतो. पंखा बंद असताना खोलीतला आवाज ३४ डीबी, पंखा तीनवर ठेवला की ४६. सांगलीत वर्षातले आठ-नऊ महिने पंखा चालूच असतो, तेव्हा खरी पार्श्वभूमी ४६ ची धरायची.

२४ नोव्हेंबर

मुख्य मोजमाप आज झालं. पद्धत तपशिलात लिहिते, कुणालाही घरी करता येईल.

डाव्या स्पीकरला पिंक नॉइज (मोजमापासाठीचा सरमिसळ गोंगाट) दिला, ५०० ते २००० हर्ट्‌झचा पट्टा. मायक्रोफोन सोफ्यावर, कानाच्या उंचीला. लॅपटॉपवर आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर पातळी दाखवतं. बरोबर ७५ डीबी येईपर्यंत व्हॉल्यूम वाढवला. ७५ ही टीव्हीच्या मानाने चांगलीच मोठी पातळी आहे, शेजारी बसलेल्याशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. मग मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून दोन्ही कांड्या स्पीकरच्या मागच्या टर्मिनलला टेकवल्या. कांड्या एकमेकींना लागणार नाहीत एवढी काळजी घ्यायची, तिथे शॉर्ट झालं तर रिसीव्हरवर बेततं.

मामा चष्मा लावून मीटरवर वाकले होते. आकडा १.३ व्होल्टच्या आजूबाजूला हलत होता.

पुढचा हिशेब त्यांनीच पाठीमागच्या कॅलेंडरवर केला. व्होल्टचा वर्ग भागिले रोध. १.६९ भागिले ८. उत्तर ०.२१ वॅट.

त्यांनी तो पुन्हा केला. मग म्हणाले, "पाव वॅट पण नाही?"

नाही. स्पीकरचा रोध सगळ्या फ्रीक्वेन्सीला ८ ओम नसतो, त्यामुळे हा अंदाज आहे, पण तो दुप्पट चुकला तरी अर्ध्या वॅटच्या आतच राहतो. माहितीपत्रकाशीही ताळा जुळतो. क्यू३५० ची सेन्सिटिव्हिटी ८७ डीबी आहे, म्हणजे २.८३ व्होल्ट दिले की १ मीटरवर ८७ डीबी. १.३ व्होल्टला १ मीटरवर ८० च्या आसपास यायला हवेत. सोफ्यावर ७५ आले, म्हणजे अंतरामुळे पाच-सव्वापाच डीबी गेले. मोकळ्या मैदानात तीन मीटरला साडेनऊ गेले असते, घरात भिंती आणि फरशी आवाज परत फेकतात म्हणून तेवढे जात नाहीत.

मामांनी स्पीकरच्या पत्रकावरची आणखी एक ओळ दाखवली, अँप्लिफायर १५ ते १२० वॅट. त्यांनी तिचा अर्थ "१२० हवेत" असा घेतला होता आणि म्हणून ९५ सुद्धा त्यांना अपुरेच वाटत होते. १५ म्हणजे एवढा असला तरी साध्या खोलीत काम होतं. १२० म्हणजे न फाटलेला सिग्नल असेल तर स्पीकर एवढा सोसतो. आपले ८० आणि ९५ दोन्ही मध्येच बसतात.

३० नोव्हेंबर

७५ डीबीचा नॉइज ही एक गोष्ट आणि खरं ऐकणं वेगळं, कारण संगीतात आणि सिनेमात क्षणभराचे उंच माथे असतात. सरासरीला पाव वॅट पुरतो म्हणून माथ्याला पुरेलच असं नाही. म्हणून आज घरचे जसं ऐकतात तसं ऐकू दिलं आणि मी फक्त नोंद घेत बसले.

सकाळी मामांचं गायन. ख्याल, दोन तानपुरे, तबला, हार्मोनियम. त्यांनी व्हॉल्यूम स्वतः लावला. सरासरी ७० ते ७२, सम आली आणि तबल्याचा बायाँ दणकला की माथा ८८ पर्यंत. जुन्या ध्वनिमुद्रणांत माथा आणि सरासरी यांतलं अंतर आणखी कमी असतं.

दुपारी सिनेमा, घरात मुलं होती म्हणून मारधाडीचा. पातळ्या आधी बांधून घेतल्या होत्या, त्यामुळे व्हॉल्यूमवरचा शून्य म्हणजे चित्रपटगृहाची रेफरन्स पातळी, सिनेमा तिथे ज्या ठरलेल्या आवाजाला दाखवतात ती. उणे १५ वर मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, जरा कमी करा." म्हणजे या घराची कमाल मर्यादा उणे १५. तिथे सोफ्यावरचा सगळ्यात उंच माथा ९६ डीबी.

हिशेब. ७५ ला ०.२१ वॅट. ९६ म्हणजे २१ डीबी वर, म्हणजे साधारण १२६ पट, म्हणजे २६ वॅट. हा आकडाही सगळा माथा एकट्या एका स्पीकरने काढला असं धरून आलाय. प्रत्यक्षात तो दोघांत वाटला जात होता, आणि ५.१ झाल्यावर त्यातला खालचा जड भाग सबवूफर उचलेल, त्याला स्वतःचा अँप्लिफायर असतो. रेफरन्स पातळीत पुढच्या प्रत्येक चॅनेलचा माथा १०५ धरतात. उणे १५ ला तो ९० झाला. ९० ला एका स्पीकरला साडेसहा वॅट लागतात.

१ डिसेंबर

रात्री झोपायच्या आधी आकडे एकत्र मांडले आणि चित्र एकदम स्वच्छ झालं.

या हॉलमध्ये, या स्पीकरवर, ८० वॅटचा रिसीव्हर सोफ्यावर १००.८ डीबीपर्यंत माथा काढू शकतो. ९५ वाला १०१.५ पर्यंत. घरचे ऐकतात ९६ पर्यंत, तेही मुलं असली की.

९६ ला दोन्ही पुरतात आणि दोन्हीकडे पावणेपाच-साडेपाच डीबी शिल्लक राहतात. उद्या कुणी चित्रपटगृहासारखी पूर्ण रेफरन्स पातळी हवी म्हणालं, म्हणजे १०५, तर २१० वॅट लागतील. तिथे ८० कमी पडतात तसे ९५ सुद्धा पडतात.

म्हणजे ९५ वाला पुरतो आणि ८० वाला पुरत नाही अशी जागा आहे ती १००.८ आणि १०१.५ च्या मधली. या रिसीव्हरवर व्हॉल्यूम अर्ध्या अर्ध्या डीबीने चढतो. तेव्हा त्या जादा पंधरा वॅटला काम आहे ते बटनाच्या दीड पायरीपुरतं, आणि त्या दीड पायरीपर्यंत या घरात कुणी जात नाही. दुकानातला सगळा वाद या दीड पायरीचा आहे, आणि त्यावर लोक हजारो रुपये जास्त मोजतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. हे पैसे दुसरीकडे घातले तर रोज ऐकू येतील.

मामांना आकडे पटले, तरी कानाने पटवून घ्यायचं होतं. सकाळी त्यांना डोळे मिटून बसवलं. बातम्या लावल्या, मध्येच व्हॉल्यूम १ डीबीने वर किंवा खाली केला, कधी केलाच नाही, आणि प्रत्येक वेळी "बदलला का?" विचारलं. १ डीबीला त्यांची उत्तरं अंदाजपंचेच राहिली. ३ डीबीला लगेच "वाढवलास" म्हणाले. पाऊण डीबी तर एका डीबीपर्यंतही पोचत नाही.

७ डिसेंबर

मामांनी आपणहून एक भर घातली, आणि ती माझ्या डोक्यात आलेली नव्हती.

त्यांच्या भागात संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला व्होल्टेज उतरतं. त्यांनी सॉकेटला मीटर लावून फोन केला, २१२. मग विचारलं, "यंत्राचे वॅट २३० वर मोजलेले ना? मग २१२ वर किती?"

या वर्गातल्या रिसीव्हरमध्ये ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठे कपॅसिटर असा साधा पुरवठा असतो. आत मिळणारं डीसी व्होल्टेज भिंतीतल्या व्होल्टेजबरोबर वरखाली होतं. आवाजाच्या लाटेला त्या डीसीच्या वर जाता येत नाही, आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. २१२ भागिले २३०, त्याचा वर्ग ०.८५. ९५ गुणिले ०.८५ म्हणजे ८१.

संध्याकाळच्या २१२ व्होल्टवर ९५ चा रिसीव्हर ८१ चा होतो. ८० वाला त्याच हिशेबाने ६८ चा होतो, म्हणजे दोघांतलं डीबीमधलं अंतर आहे तेवढंच राहतं, हे खरं. पण त्या अंतराचं माप आता मामांच्या हातात आलं. रोज दिवेलागणीला त्यांच्या घरातल्या प्रत्येक यंत्राच्या बाबतीत जेवढं कमी-जास्त होतं, तेवढंच ते आहे. मामा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग ८० वालाच बघू. पण उरलेल्या पैशाचं काय ते तू सांग."

१४ डिसेंबर

पुण्यात दोन दुकानं फिरले. वॅटचा रकाना झाकून बाकीचे रकाने वाचले.

डेनॉनचाच एक्स३८००एच ही पाहिला. तो १०५ वॅटचा, ८० च्या मानाने १.२ डीबी जास्त. वॅटसाठी तो घेण्यात अर्थ नाही, पण त्यात खरोखर वेगळ्या गोष्टी आहेत. नऊ अँप्लिफायर, सगळ्या मुख्य चॅनेलना प्री-आउट आणि खोलीमुळे बिघडणारा आवाज सुधारणाऱ्या ऑडिसी या यंत्रणेची एक्सटी३२ ही वरची आवृत्ती. प्री-आउट असले की पुढेमागे बाहेरचा २०० वॅटचा पॉवर अँप्लिफायर जोडता येतो. ८० वरून २०० म्हणजे ४ डीबी, ही चढण जाणवण्यासारखी. एक्स१८००एच ला प्री-आउट फक्त सबवूफरचे आहेत. ज्याला पुढे मोठ्या खोलीत जायचंय त्याने हा रकाना आधी बघावा.

दुसरा रकाना स्पीकरच्या सेन्सिटिव्हिटीचा. रिसीव्हरच्या वॅटवर कीस पाडणारे बरेच जण हा वाचतच नाहीत. क्लिप्शच्या आरपी-६००एम ला कंपनी ९६ डीबी सांगते, आमच्या क्यू३५० ला केईएफ ८७ सांगते. कागदावर ९ डीबीचं अंतर, म्हणजे आठपट पॉवर. कंपन्यांची मोजायची रीत सारखी नसते, काही जण खोलीतला आकडा देतात आणि काही जण प्रतिध्वनी नसलेल्या कक्षातला, त्यामुळे खरं अंतर कमी निघेल. तरी ते निम्मं निघालं तरीही जवळजवळ तिप्पट पॉवर होते. रिसीव्हर बदलून ८० चे २२० वॅट करायला जो खर्च येईल तो स्पीकर निवडताना वाचतो.

एका दुकानात सांगितलं की जास्त वॅट घेतले की बास "घट्ट" येतो. कशाने, ते विचारल्यावर उत्तर मिळालं नाही. बास खोलीवर आणि सबवूफरच्या जागेवर अवलंबून असतो, त्याची नोंद पुढे करेनच.

१५ डिसेंबर

इचलकरंजीच्या मावशीचा फोन. मामांकडून कळलं, आमच्याकडेही तेवढाच ८० चा चालेल ना?

तिथे नाही चालणार. त्यांचा वरचा हॉल तीस फुटांवर लांब, बसायची जागा स्पीकरपासून सहा मीटर, स्पीकर जुने आणि ८४ डीबीचे, आणि मावसभाऊ चित्रपटगृहासारखं वाजवणारा. अंतर दुप्पट झाल्याने ३-४ डीबी, स्पीकरचे ३ डीबी, वरून तो सहज ५-६ डीबी जास्त लावतो. एकूण ११-१३ डीबी. मामांच्या घरी २६ वॅट लागतात तिथे त्यांना तीन-चारशेच्या पुढे लागतील. अशा ठिकाणी ८०, ९५, १०५ यांच्यात निवडायचं कारणच उरत नाही. आधी स्पीकर बदलायचे, सोफा पुढे घ्यायचा, नाहीतर प्री-आउटवाला रिसीव्हर घेऊन स्वतंत्र पॉवर अँप्लिफायर लावायचा. मावशीला तसं सांगितलं.

२१ डिसेंबर

ठरलं. एक्स१८००एच, ८० वॅट. वाचलेल्या पैशातून सबवूफर एक आकार मोठा, खिडकीला जाड पडदा आणि सोफ्यापुढे जाजम.

२८ डिसेंबर

रिसीव्हर आला. मामींची इच्छा तो शोकेसमध्ये, काचेच्या दाराआड बसावा अशी. इथे मी हट्ट धरला.

क्यू३५० ला ८ ओमचा स्पीकर म्हणतात, पण पत्रकात त्याच ओळीत किमान ३.७ ओम लिहिलंय. काही फ्रीक्वेन्सीला रोध तिथपर्यंत उतरतो, आणि तेवढ्याच व्होल्टला दुपटीहून जास्त करंट ओढला जातो. ८० वॅटच्या टोकाला ८ ओमवर २५.३ व्होल्ट असतात, करंट ३.२ अँपिअर. ३.७ ओमवर तो ६.८ होईल. जास्त करंट म्हणजे जास्त उष्णता, आणि रिसीव्हर आटोपशीर असतो, सगळ्या चॅनेलना एकच ट्रान्सफॉर्मर आणि एकच हीटसिंक. म्हणूनच पाच-सात चॅनेल एकदम पूर्ण जोरात चालवले तर प्रत्येकाच्या वाट्याला ८० येत नाहीत, बरेच कमी येतात. सिनेमात तशी वेळ येत नाही, पण बंद कपाटात यंत्र तापलं तर ते स्वतःला वाचवायला आधीच बंद पडू शकतं.

दार लावून दोन तास सिनेमा चालवला आणि थर्मामीटरने झाकणाचं तापमान घेतलं, ५२ अंश. दार उघडं ठेवून ४१. डिसेंबरात हे, तर एप्रिलात सांगलीत काय होईल? मामींनी आकडे बघितले आणि स्वतःच सुताराला फोन लावला. शोकेसची मागची फळी कापायची, दार काढायचं, वर हातभर जागा मोकळी. या बदलाने रिसीव्हरचं आयुष्य वाढेल, पंधरा वॅटने वाढलं नसतं.

४ जानेवारी २०२५

सबवूफर आला. पडदा लागला, जाजम अंथरलं, टाळीचा घुमारा स्पष्ट कमी झाला.

सबवूफर मामांनी आधीच कोपऱ्यात ठेवून दिला होता, कारण तिथे तो पायात येत नाही. मायक्रोफोन त्यांच्या आरामखुर्चीवर लावला, ती बाजूच्या भिंतीला खेटून आहे. स्वीप सोडला तेव्हा खालून वर चढत जाणाऱ्या सुराबरोबर आणखी काहीतरी गुणगुणलं. मी लॅपटॉपकडे बघत होते, मामींनी आधी ओळखलं, "माझा तानपुरा बोलतोय." त्यांचा मिरजेचा तानपुरा त्याच कोपऱ्यात उभा होता, स्वीप त्याच्या सुरावरून गेला की तारा आपोआप झंकारत होत्या. मामींनी त्याला गवसणी घातली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवला. पुढचा स्वीप स्वच्छ आला.

आलेखात ४७ हर्ट्‌झला ९ डीबीचा उंचवटा. खोलीची रुंदी १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर. ध्वनीचा वेग ३४३ भागिले रुंदीच्या दुप्पट, ७.३२. उत्तर ४६.९. दोन बाजूंच्या भिंतींमध्ये ही लाट उभी राहते आणि भिंतीलगत तिचा जोर सगळ्यात जास्त असतो, म्हणून आरामखुर्चीत ती दणकते आणि सोफ्याच्या मधोमध तिचा पत्ता नसतो. मामा सकाळी म्हणालेच होते की खुर्चीत बसलं की डग्गा फुगल्यासारखा वाटतो.

९ डीबी म्हणजे आठपट पॉवरचा फरक, एकाच खोलीत, एका खुर्चीवर. इतके दिवस आम्ही पाऊण डीबीवर बोलत होतो.

सबवूफर पुढच्या भिंतीच्या बरोबर मध्ये, टीव्हीखाली आणला. रुंदीच्या मध्यावर त्या उभ्या लाटेला खतपाणी मिळत नाही. उंचवटा ९ वरून ३ वर आला. मामी लगेच म्हणाल्या, "आता बायाँ नीट कळतोय, आधी नुसता घुमत होता." त्या स्वतः गायला शिकलेल्या आहेत, त्यांच्या कानावर माझा भरवसा मायक्रोफोनइतकाच आहे.

१२ जानेवारी

शेवटची जुळवाजुळव. पुढचे स्पीकर "स्मॉल", क्रॉसओव्हर ८० हर्ट्‌झ, त्याखालचं सगळं सबवूफरकडे. क्यू३५० तशीही ६३ हर्ट्‌झच्या खाली उतरत जाते, तेव्हा तिला खालचं ओझं द्यायचंच नाही. त्याने रिसीव्हरवरचा सगळ्यात जड भारही उतरतो. ऑडिसी चालवलं, आठ जागी मायक्रोफोन ठेवून, पंखा बंद करून. सगळ्या चॅनेलची पातळी सोफ्यावर ७५ ला बांधली.

नवीन रिसीव्हरवर परत मल्टिमीटर लावला. ७५ डीबीला १.३ व्होल्ट, जुन्यासारखेच.

मामांचा सकाळचा व्हॉल्यूम उणे २६, सिनेमाला उणे १८, पाहुणे असले की उणे १५. हे तीन आकडे रिमोटच्या पाठीवर कागद चिकटवून लिहून दिलेत. मागच्या स्पीकरांच्या वायरी सध्या जाजमाखालून गेल्यात, पाडव्यानंतर रंगकाम निघेल तेव्हा पट्टीतून न्यायच्या. सुताराचं बिल मामांनी दिलं. मल्टिमीटर सोमवारी ऑफिसात परत करायचा.